दुसरीच्या वर्गात ताल आणि नाच: माझं एक वर्ष आणि काही अडलेले प्रश्न

वेलांटी | ७ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी दुसरीचे आठवड्याला दोन तास 'नृत्य व हालचाल' म्हणून माझ्याकडे आले. मी नाच शिकलेली नाही. लहानपणीचा भोंडला, शाळेतलं लेझीम आणि आईबरोबर जागवलेल्या मंगळागौरी, एवढीच शिदोरी. आता १५ जूनला शाळा सुरू होतेय आणि हे तास मला कुणाला द्यावेसे वाटत नाहीत. वर्षभर काय केलं ते लिहिते. कुणाच्या उपयोगी पडेल, आणि माझंही जे अडलंय ते तुमच्याकडून सुटेल.

वर्गात ४८ मुलं. हॉल नाही. बाकं भिंतीला लावली की मधे जी जागा उरते ती आमची. खाली कोटा फरशी. साहित्यात एक खंजिरी, एक जुनी डफली आणि टाळांचा एक जोड.

पहिले तीन आठवडे मी सगळे करतात तेच केलं. स्पीकरवर गाणं लावायचं, समोर उभं राहून स्टेप दाखवायची, मुलांनी करायची. छान चाललंय असं वाटत होतं. एके दिवशी मधेच स्पीकरचं चार्जिंग संपलं. गाणं बंद झालं आणि मुलं तशीच हात हलवत राहिली. माझ्याकडे बघून, मान तिरकी करून, सगळं तसंच. गाणं थांबलंय हे निम्म्याहून जास्त मुलांच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे तीन आठवडे ती माझी नक्कल करत होती. ऐकत कुणीच नव्हतं.

तासाची वीस मिनिटं शिल्लक होती. मी म्हटलं, नुसते चाला वर्गात, एकमेकांना धक्का न लावता. खिडकीपाशी बसणारा एक मुलगा आहे, कुठल्याच खेळात पटकन येत नाही. तो भिंतीच्या कडेकडेने चालत होता, उजवा पाय जरा घासत. मी सहज खंजिरी उचलली आणि त्याच्या पावलांवर वाजवायला लागले. त्याचा पाय पडला की थाप, घासला की झांजांची नुसती खळखळ. दहा-बारा पावलांनी तो थबकला. खंजिरी थांबली. त्याने एक पाऊल टाकलं. एक थाप. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग दोन पावलं पटापट टाकली. दोन थापा. आणि मग तो धावतच सुटला, संपूर्ण वर्गाला वळसा घालून, माझी खंजिरी त्याच्या मागे. बाकीची मुलं ओरडायला लागली, "बाई, आता माझं वाजवा! आता माझं!"

त्या दिवसापासून मी क्रमच उलटा केला. आधी मी मुलाच्या तालात जाते, मग मूल माझ्या तालात येतं. एकेकाचं 'वाजवून' झालं की जोडीचं वाजवायचं. आता दोघांना एकाच थापेवर चालायचं, म्हणजे एकमेकांचं ऐकणं आलं. मग चौघं. मग पूर्ण रांग. दिवाळीपर्यंत ४८ मुलं एका खंजिरीवर चालत होती, थांबली की एकदम थांबत होती, आणि मला तोंडाने 'गप्प बसा' म्हणावं लागत नव्हतं. एकही स्टेप तोपर्यंत शिकवली नव्हती.

त्यानंतर गाडीचा खेळ आला. आमची बरीच मुलं ट्रान्स हार्बर लोकलने नातेवाइकांकडे जातात, स्टेशनं पाठ. रांगेची गाडी करायची आणि स्टेशनाचं नाव पायाने म्हणायचं. ठा-णे, दोन पावलं. ऐ-रो-ली, तीन. र-बा-ळे, तीन. ऐरोली-रबाळे, ऐरोली-रबाळे असं चालत गेलं की सहा मात्रांचा दादराच होतो, पहिल्या पावलावर जरा जोर दिला की झालं. कोपरखैरणेवरून मात्र वर्गात भांडण झालं. अर्धे म्हणाले पाच, अर्धे म्हणाले चार. को-पर-खै-र-णे की को-पर-खैर-णे? एका मुलीचा मामा तिथे राहतो. तिने गाडीतली घोषणा जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि चारवर शिक्कामोर्तब झालं. कोपरखैरणे, ठाणे-वाशी: चार आणि चार, आठ. केरवा. मुलांना ही तालांची नावं मी मार्चमध्ये सांगितली. तोवर ताल त्यांच्या पायात येऊन बसले होते.

आता प्रश्न. यंदा मला तिसरीसुद्धा दिली आहे, आणि तिसरीतले मुलगे आत्ताच म्हणू लागलेत की नाच मुलींचा असतो. दुसरं, उजवा-डावा. समोर उभं राहून सांगितलं की सगळा गोंधळ. तिसरं म्हणजे गॅदरिंग. त्याबद्दल माझ्या मनात फार आहे, पण आधी तुमचं ऐकते.

---

रुई | ७ जून, रात्री ११:०२

वेलांटीताई, फार आवडलं. मी नेरूळला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणून उजव्या-डाव्याचं आधी सांगते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःचा उजवा हात कळायला लागलेला असतो. समोरच्या माणसाचा उजवा कुठला, हे कळायला आठेक वर्षं तरी लागतात. दुसरीच्या मुलांसमोर तोंड करून तुम्ही 'उजवा हात वर' म्हणालात आणि तुमचा उजवा वर केलात, तर मूल तुमच्या समोरचा, म्हणजे स्वतःचा डावा वर करणार. त्याचं काही चुकत नाही. दोन उपाय. एक तर आरशासारखं करा, म्हणजे तोंडाने उजवा म्हणा आणि स्वतःचा डावा उचला. याचा सराव घरी करावा लागतो, वर्गात ऐनवेळी जमत नाही. नाहीतर उजवा-डावा हे शब्दच काही महिने सोडा. 'खिडकीकडचा हात', 'दाराकडचा पाय'. वर्गात खिडकी आणि दार सगळ्यांना एकाच बाजूला असतं. मुलं गोलात किंवा वळून उभी असली तरी चालतं, उलट तेव्हा जास्त मजा येते, कारण वळलं की खिडकीकडचा हात बदलतो.

अजून एक बघा. एका पायावर उड्या मारत पुढे जाणं बहुतेकांना पाचव्या वर्षाच्या आसपास येतं, पण पाय बदलत बदलत उडी मारत जाणं, ज्याला शाळेत स्किपिंग म्हणतात, ते सहा-सातपर्यंत अनेकांना नीट जमत नाही. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावणं, म्हणजे शरीराची मधली रेघ ओलांडणं, हेही काहींना जड जातं. ज्या मुलाला हे जमत नाही ते अंग चोरतं, आणि आपण म्हणतो त्याला आवड नाही. पिंग्यात आणि झिम्म्यात या हालचाली ठासून भरलेल्या आहेत. झिम्मा म्हणजे समोरच्याच्या विरुद्ध हाताला टाळी देणंच. तुमच्या आईच्या मंगळागौरी इथे कामाला येतील.

कोटा फरशीवर उड्या कमी ठेवा, ही कळकळीची विनंती. आणि मोज्यांवर अजिबात नाचवू नका. अनवाणी किंवा बूट घालून.

---

तत्कार | ८ जून, सकाळी ७:४०

मी नौपाड्यात गेली २२ वर्षं कथकचे वर्ग घेते. प्रयोग चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नका. नुसतं चालणं म्हणजे नाच नाही. अंग कसं उभं आहे, पाठ ताठ आहे का, पाऊल पूर्ण पडतंय का की टाचेने आपटतंय, हे पहिल्या दिवसापासून बघावं लागतं. सातव्या वर्षी वाकडं वळण लागलं की पंधराव्या वर्षी काढता येत नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात, त्यांना आधी विसरायला शिकवावं लागतं.

ताई, तुमच्या मुलांना 'ता थै थै तत, आ थै थै तत' तोंडाने म्हणायला शिकवा, हाताने टाळी देत. पढंत. आठ मात्रा आहेत, तुमच्या कोपरखैरणे-ठाणे-वाशीइतक्याच. तोंडात बोल बसले की पाय आपोआप नीट पडतात. फक्त अगदी ठाय लयीत घेऊ नका. मोठ्यांना वाटतं सावकाश म्हणजे सोपं. लहान मुलांची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते, आणि सावकाश लयीत दोन मात्रांच्या मधली पोकळी धरून ठेवायला त्यांच्याकडे काही नसतं. मग ती घाई करतात आणि आपण ओरडतो.

---

वेलांटी | ८ जून, दुपारी ३:१०

तत्कारताई, राग कसला. पावलाचं तुमचं म्हणणं मान्य. माझी बरीच मुलं टाच आपटतात, ते मी बघितलंच नव्हतं. यंदा बघेन. पढंतही घेणार.

पण एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. तुमच्याकडे येणारं मूल घरच्यांनी ठरवून, फी भरून पाठवलेलं असतं. माझ्याकडे ४८ येतात आणि त्यातल्या चाळिसांच्या आयुष्यात नाचाचा वर्ग कधी येणार नाही. त्यांच्या पाठीचा कणा मी पहिल्याच दिवशी सरळ करायला गेले तर तो खिडकीपाशी बसणारा मुलगा पुन्हा भिंतीला चिकटेल. त्याला आधी हे कळू दे की त्याच्या चालण्यात ताल आहे.

सावकाश लयीचं जे सांगितलंत ते मला आज उमगलं. 'शांतपणे, हळू' असं म्हणून म्हणून मी त्यांना अवघड करून ठेवत होते.

---

निवृत्त_बाई | ८ जून, रात्री ९:२५

तुम्ही मुलाच्या चालीवर वाजवलंत हे वाचून मला एमिल जाक-दालक्रोझ आठवला. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात तो शिकवायचा. त्याच्या लक्षात आलं की विद्यार्थ्यांना कागदावर ताल लिहिता येतो, पण अंगात उतरत नाही. आणि तीच मुलं रस्त्याने चालताना मात्र अगदी एका लयीत चालतात. मग त्याने चालण्यापासूनच संगीत शिकवायला सुरुवात केली. १९१५ साली जिनिव्हात त्याने यासाठी संस्था काढली, ती आजही आहे. तुम्ही वर्तकनगरमध्ये स्पीकर बंद पडल्यामुळे तिथेच पोचलात.

पण एवढं लांब जायला नको. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं ते आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. पालघर वेगळा जिल्हा २०१४ साली झाला, डहाणू तालुका तोवर ठाण्यातच होता. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलाच्या घरी जी गाणी आहेत, जे नाच आहेत, ते बालवाडीत आणा, हा त्यांचा आग्रह. मी प्रशिक्षणाला असताना आम्हाला हे शिकवलं होतं. नंतर ३१ वर्षं नोकरी केली आणि त्यातलं किती केलं, हा प्रश्न तुमचा धागा वाचताना मला टोचला.

वेलांटी, तुमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी काय नाचतात, हे विचारलंत का कधी?

---

लेझीम_सर | ९ जून, सकाळी ६:५०

ऐरोलीत शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलग्यांच्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. वाद घालू नका, हातात लेझीम द्या. लेझमीला कुठलाच मुलगा नाही म्हणत नाही. हलगी कडाडली की सगळे रांगेत. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत लेझीम पथकं बघून आलेली असतात, त्यांना तसं व्हायचं असतं.

पण पहिली-दुसरीला खरी लेझीम नको. मनगटाला जड होते आणि साखळी बोटात अडकते. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून चिकटपट्टी लावा, त्यावर 'चार आवाज' हा लेझमीचा प्रकार शिकवा, आवाज तोंडाने काढायचा, छन-छन. तिसरीच्या दिवाळीनंतर खरी लेझीम. 'चार आवाज', मग 'एक जगह', मग 'पवित्रा'. एका तासात एकच. मुलं दमली की आवाज फाटतो, लगेच कळतं. आवाज फाटला की थांबायचं.

पाठ्यपुस्तक मंडळाच्या 'खेळू, करू, शिकू'मध्ये शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला एकत्रच दिलेत. त्यामुळे मुख्याध्यापकांनी वेळेचं विचारलं तर हा तास अभ्यासक्रमातलाच आहे असं ठामपणे सांगा.

---

घणसोलीकर | ९ जून, सकाळी ११:३०

सर, लेझीम द्या हे बरोबर. पण 'हा नाच नाही, ही कवायत आहे' असं सांगून देऊ नका. ते पोरांच्या डोक्यात कायमचं बसतं.

मी घणसोली गावातला, आगरी. वय ६४. आमच्याकडे हळदीला आधी बापये नाचतात. बाया धवले, म्हणजे लग्नाची गाणी गातात, ती गाणारी धवलारीण सांगते तसं सगळं होतं, आणि मांडवात नाचायला पहिला उतरतो तो नवऱ्याचा मामा नाहीतर काका. माझा नातू अडीच वर्षांचा असताना बेंजोवर पाय टाकायचा, कुणी शिकवलं नव्हतं. तोच नातू आता चौथीत आहे, शाळेत नाच म्हटलं की मागे सरतो. कारण शाळेतला नाच वेगळा, गावातला वेगळा, असं त्याला वाटतं.

वारीला जातो मी. पखवाज सुरू झाला, टाळ सुरू झाले की पावली खेळतात ते बहुतेक पुरुषच. सत्तर वर्षांचे माळकरी उड्या मारतात. त्यांना कुणी म्हणेल का हे बायकांचं आहे? बाई, एखाद्या पोराच्या बापाला नाहीतर आजोबाला वर्गात बोलवा. शिकवायला नको, फक्त नाचून दाखवू दे.

---

साधीआई | ९ जून, रात्री १०:४८

हा धागा तीन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. माझी मुलगी पहिलीत जाईल. कोपरखैरण्याला राहतो. तिला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. बालवर्गात नाचाच्या तासाला तिला बाजूला खुर्चीवर बसवायचे. 'तिला ऐकू येत नाही ना, मग लाज वाटेल तिला,' असं मला सांगितलं. शाळेचं नाव लिहीत नाही, शिक्षिका वाईट नव्हत्या. पण गॅदरिंगला ४० मुलं स्टेजवर आणि माझी माझ्या मांडीवर. ती मला विचारत होती, माझा नंबर कधी येणार.

तिला तालात नाचता येईल का? खरं सांगा.

---

वेलांटी | ९ जून, रात्री ११:३०

साधीआई, येईल. मी काही तज्ज्ञ नाही, पण माझ्या वर्गात गेल्या वर्षी एका कानाने कमी ऐकू येणारा मुलगा होता, त्याच्याकडून जे शिकले ते सांगते.

त्याला स्पीकरचा त्रास व्हायचा. मोठा आवाज यंत्रातून फाटून येतो, आणि आमच्या रिकाम्या वर्गात तो घुमतोही. म्हणून स्पीकर गेला ते त्याच्या दृष्टीने बरंच झालं. डफली मी लाकडी बाकावर टेकवून वाजवायचे आणि तो त्याच बाकावर हात ठेवून बसायचा. थाप बाकातून हातात जाते. सिमेंटच्या जमिनीतून काही कळत नाही, लाकडातून कळतं. नंतर तो म्हणाला, बाई मी पायाने ऐकू का? मग बुटके बाक असतात ना पहिलीचे, त्यावर अनवाणी उभा राहायचा, डफली त्याच बाकाच्या टोकाला. मी शेजारी, एका हाताने त्याचा दंड धरून. तुम्ही घरी पाट घेऊन बघा. पोकळ, पाय असलेला पाट. तिला वर उभं करा आणि कडेला डबा ठेवून वाजवा. फुगाही चालतो, फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरला की वाजवलेलं तळव्यात कळतं.

आणि सुरुवात तिच्यापासून करा. तिने पाय टाकायचा, तुम्ही वाजवायचं. तिला तुमच्या मागे यायला लावू नका.

---

रुई | १० जून, सकाळी ८:१५

साधीआई, वेलांटीताईंनी सांगितलं ते अगदी योग्य आहे. शाळेत बाईंना एवढंच सांगा की तिला पहिल्या रांगेत, बाईंचा चेहरा आणि हात दिसतील असं उभं करा, आणि तिची जोडीदार ठरवून द्या. थांबायची खूण आवाजाने न देता हाताने द्या. ही खूण आवाजाला घाबरणाऱ्या मुलांनाही उपयोगी पडते. प्रत्येक वर्गात एक-दोन तरी असतात, कान झाकून घेणारी. त्यांनाच खूण द्यायचं काम द्यावं. आवाज कधी थांबणार हे आपल्या हातात आहे असं कळलं की ती कान झाकत नाहीत.

---

घोडबंदरकर | १० जून, दुपारी १:२०

साधीआईंचं वाचून आम्ही दोघंही गप्प झालो. आमच्या मुलीचं वेगळं, पण तिथेच जाणारं. दुसरीत होती. बाहेरचे नृत्यदिग्दर्शक आले, दोन महिने तालीम, कपड्यांचे ९०० रुपये भरले. चार दिवस आधी कळवलं की 'रांग सारखी दिसत नाही' म्हणून आठ मुलींना कमी केलंय. कपडे घरी आले होते. तिने ते घालून आरशासमोर पूर्ण नाच केला आणि मग कपाटात ठेवून दिले. त्यानंतर ती कुठल्याच लग्नात नाचली नाही.

गाणं होतं सिनेमातलं, मोठ्यांचं. डोळे मारणं, कंबर हलवणं, सात वर्षांच्या मुलींना. वेलांटीताई, पालक म्हणून शाळेशी काय बोलावं?

---

वेलांटी | १० जून, रात्री ९:५०

घोडबंदरकर, हेच लिहायचं मी टाळत होते.

आधीच्या शाळेत असताना मीही ४८ मधून १६ निवडली आहेत. मला सांगितलं गेलं आणि मी निवडली. जी 'सारखी दिसतात', जी 'पटकन उचलतात', ती. बाकीच्यांना मी सांगितलं की तुम्ही टाळ्या वाजवा. त्यातल्या एका मुलाने गॅदरिंगच्या दिवशी खरंच सगळा वेळ टाळ्या वाजवल्या, प्रत्येक गाण्याला, बरोबर ठेक्यात. मी विंगेतून बघत होते. स्टेजवरच्या सोळांपैकी निम्म्यांना तो ठेका सापडत नव्हता. त्या मुलाची मी अजून माफी मागितलेली नाही, कारण तो आता कुठे आहे मला माहीत नाही.

या शाळेत गेल्या जानेवारीत आमच्या मुख्याध्यापिका बाईंना मी एकच मागितलं, की दुसरीला स्टेज नको, मैदान द्या. मोठ्या नाट्यगृहात, गडकरी रंगायतनसारख्या ठिकाणी, मुलं लांबून ठिपक्यांसारखी दिसतात आणि पालक मोबाइल वर धरून बसतात. मैदानात चुन्याने मोठा गोल आखला. पालक गोलाबाहेर उभे. ४८ मुलं आत. सहा मिनिटं. आधी चालणं, मग गाडी, मग झिम्मा, शेवटी गोफ. गोफाची फीत दोनदा गुंतली, आम्ही थांबून सोडवली आणि पुन्हा सुरू केलं. कपडे शाळेचेच, फक्त कमरेला रंगीत ओढणी.

शाळेशी बोलताना 'तुमचं चुकलं' असं म्हणून काही होत नाही. तीन गोष्टी विचारा. वर्गातली सगळी मुलं असणार का? गाणं कोण निवडणार? आणि तालमीसाठी कोणते तास जाणार? हे जूनमध्येच विचारा, डिसेंबरमध्ये फार उशीर झालेला असतो. सिनेमाच्या गाण्याला माझा सरसकट विरोध नाही. मुलं ती गाणी जगतात. पण त्यातले हावभाव मोठ्यांचे असतील तर ठेका घ्यावा आणि हालचाल मुलांना सुचू द्यावी.

---

तत्कार | ११ जून, सकाळी ७:०५

वेलांटी, काल रात्री तुमचं वाचलं. माझ्या वार्षिक कार्यक्रमातही मागची रांग असते. इतकी वर्षं मी तिला तयारीची रांग म्हणत आले. मागच्या रांगेतल्या मुलींना विचारायला हवं त्या तिला काय म्हणतात.

तुमच्या शाळेत एक शनिवार येईन म्हणते, चालेल का? शिकवायला नाही, त्या टाचा आपटणाऱ्यांची पावलं बघायला. मानधन नको.

---

वेलांटी | १३ जुलै, रात्री १०:३०

महिनाभर इथे यायला जमलं नाही. पाऊस, तपासण्या, सगळं एकदम.

निवृत्त_बाईंचा प्रश्न मी तिसरीला विचारला, 'तुमच्या घरी काय नाचतात?' पहिल्या दिवशी सगळ्यांनी टीव्हीवरचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊरच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा हळूच म्हणाला, आमच्याकडे तारपा असतो. (तारपा म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्या सुरावर नाचतात.) कसा असतो, विचारलं तर सांगता येईना. म्हणाला, दाखवतो. त्याने शेजारच्याच्या कमरेत हात घातला, त्याला दुसऱ्याच्या घालायला लावला, अशी नऊ मुलग्यांची साखळी केली. मग मला मधे उभं केलं. "बाई, तुम्ही तारपा. तुम्ही फिरा, आम्ही तुमच्याभोवती. तुमच्याकडे पाठ करायची नाही." तोंडाने तो तारप्याचा सूर काढत होता, नाकातून, लांबलचक. सूर बदलला की पाऊल बदलायचं. कुणाकडेच बघून नक्कल करता येत नव्हती, कारण कंबर धरलेली, पुढचा ओढेल तसं जायचं. अंगातूनच ताल कळत होता. पाच मिनिटांनी मुलीही येऊन साखळीत घुसल्या. नाच कुणाचा असतो हा विषय त्या तासात निघालाच नाही.

घणसोलीकर काका, पुढच्या आठवड्यात एका मुलाचे आजोबा पावली दाखवायला येणार आहेत. तत्कारताई दोन शनिवार येऊन गेल्या. त्यांनी मुलांना पांढऱ्या खडूची पूड तळपायाला लावून कागदावर चालायला लावलं आणि कुणाचं पूर्ण पाऊल उमटतंय, कुणाची नुसती टाच, हे मुलांनाच बघायला लावलं. मला वर्षभर हे सुचलं नव्हतं.

---

लेझीम_सर | १४ जुलै, सकाळी ६:४०

काकांचं पटलं. यंदा तिसरीला लेझीम देताना सांगितलं, 'आज आपण नाचायला शिकणार आहोत.' दोघं-तिघं हसले. हलगी वाजली, सगळे आले.

---

साधीआई | २८ जुलै, रात्री ९:१५

वेलांटीताई, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. शाळेत नवीन बाईंशी बोलले. त्यांनी तिला पहिल्या रांगेत उभं केलंय, जोडीदारीण पण दिली आहे. अजून सगळं जमत नाही, दुसऱ्यांकडे बघून करते. असू दे.

पण आज संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातला पाट ओढत हॉलमध्ये आणला. तांदळाचा रिकामा डबा आणून पाटाच्या कडेला ठेवला आणि बाबांना खाली बसवलं. ते वाजवायला लागले तर तिने त्यांचा हात धरून थांबवला. पाटावर चढली, तोल सावरला आणि म्हणाली, "आधी मी पाय टाकणार. तुम्ही माझं वाजवा."